आश्रमशाळेतलं बालअत्याचाराचं प्रकरण: कागद पाठवताना या चुका टाळा

लिफाफा सीलबंद, वर लाल शाईत 'गोपनीय'. आणि शेजारीच उघड्या पडलेल्या जावक नोंदवहीत, विषयाच्या रकान्यात मुलीचं नाव, इयत्ता, शाळा. एका कार्यालयात हे मी स्वतः पाहिलंय. टपाल न्यायला आलेला माणूस ओळ वाचूनच सही करत होता. विषयात फक्त गुन्हा क्रमांक लिहा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र याच्या उलट आहे. मुख्याध्यापक आधी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला कळवतात, तिथून अहवाल अपर आयुक्तांकडे जातो, आणि 'वरून पत्र आल्यावर' पोलीस. २०१२ च्या पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९ मध्ये परवानगीची पायरीच नाही. संशय आला की थेट पोलिसांना कळवायचं, प्रकल्प कार्यालयाला त्यानंतर. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर १ वर्षापर्यंत. 'गोपनीय बाब म्हणून बाहेर दिलं नाही' ही सबब इथे चालत नाही. पोलिसांनीही २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. तो कागद समितीपर्यंत पोचला का, हे विचारायला लाजू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल काय लिहायचं! पन्नास जणांच्या 'मुख्याध्यापक-अधीक्षक' ग्रुपवर एफआयआरचा फोटो टाकून 'माहितीस्तव' लिहिणं म्हणजे कळवणं नव्हे.

नाव काळ्या पेनने खोडलं की काम झालं, हा तर हमखास गैरसमज. 'इयत्ता ७ वी, कातकरी, वडील वीटभट्टीवर, अमुक पाडा.' त्या वर्गात कातकरी मुलगी एकच असेल तर नाव खोडून काय साधलं? शाळा, कुटुंब, शेजार हे सगळं ओळखीतच मोडतं. निपुण सक्सेना प्रकरणात (डिसेंबर २०१८) सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: आडवळणानेही ओळख पटेल असं काही उघड करायचं नाही, आणि तपास यंत्रणेकडून वा न्यायालयाकडून ज्या अधिकाऱ्याला नाव कळलं, त्यानेही ते गुप्तच ठेवायचं, तपास यंत्रणेला किंवा न्यायालयाला अहवाल द्यायचा तो सीलबंद लिफाफ्यात.

ॲट्रॉसिटीचं कलम लागलं की अर्थसाहाय्याची फाइल समाजकल्याणकडे जाते. तिथे नाव, जातीचा दाखला लागतोच. पण 'असू द्या सोबत' म्हणून मुलीच्या जबाबाची झेरॉक्स जोडू नका. मागितलंय तेवढंच द्या, आणि कोणाच्या हातात दिलं त्याची सही घ्या.

एक जागा सगळेच विसरतात. मुलगी दुसऱ्या आश्रमशाळेत जाते, तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण लिहावं लागतं. तिथे 'पोलीस प्रकरणामुळे' असा शेरा पडला, की नव्या वसतिगृहात पहिल्याच रात्री कुजबुज सुरू. 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच लिहा.