पऱ्ह्या (छोटा ओढा) सुधारताय? या चुका टाळा

चिपळूणला 22 जुलै 2021चा पूर आला आणि नंतर कोकणात गाळ काढायचं वारंच सुटलं. वाशिष्ठी नदीतला गाळ काढणं वेगळं आणि वाडीतल्या दहा फुटी पऱ्ह्यात पोकलेन उतरवणं वेगळं. ही चूक इतक्यांदा पाहिली की आता राहवत नाही.

शेजारच्या एका वाडीत दोन दिवसांत पऱ्ह्या सरळ केला. वळणं गेली, धोंडे काठावर आले, तळ रस्त्यासारखा सपाट झाला. पाणी सुसाट जातं म्हणून सगळे खूश. पण वळण काढलं की उतार वाढतो आणि वेगाचं पाणी तळ-काठ खातं. आषाढातच दोन्ही काठ ढासळले, चार माड आडवे झाले. तळ खोल गेला तशी कडेच्या विहिरीची पातळीही उतरली. जिथल्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, शिमग्यानंतरही मळ्ये मासे दिसायचे, तिथे त्या वर्षी माघातच खडखडाट. धोंड्यांवरून खळाळताना पाण्यात हवा मिसळते, फटींत मासे लपतात, अंडी घालतात. धोंड्यांना कचरा म्हणू नका.

मी चैत्रात काठी घेऊन अख्खा पऱ्ह्या चालतो. पाणी टिकलेलं दिसलं की जवळच्या झाडाला चुन्याचा पट्टा. तिथे यंत्र येऊ देत नाही. उपसलेले धोंडे परत लावताना आडवी ओळ करतो: कडेला उंच, मध्ये सखल, म्हणजे धार काठावर न जाता मधोमध राहते. प्रत्येक धोंडा निदान तिसरा हिस्सा तळात पुरलेला हवा. नुसते टाकलेले पहिल्याच पुरात जातात. मग एक पावसाळा हात लावायचा नाही. लोकांना हेच जमत नाही, जूनमध्ये काम आणि जुलैत मासे हवे असतात.

काठावरचे करंज, उंबर, पाणजांभूळ तोडू नका. सावली गेली की पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

वनराई बंधाऱ्याच्या (पाणी अडवायला घातलेल्या तात्पुरत्या बांधाच्या) माती-वाळूच्या पिशव्या मृगाआधी काढाच, नाहीतर चढणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे खालीच अडकतात आणि अंडी घालण्याआधी टोपलीत जातात.

तिलापिया या परदेशी माशाचं बी सोडू नका. तो एकदा शिरला की काढता येत नाही. कोंड राखली आणि वाट मोकळी ठेवली, तर गावचे मासे खालून आपले आपण चढून येतात.

न्हाणीघराचं पाणी पऱ्ह्यात सोडलं असेल तर आधी शोषखड्डा खणा, धोंडे नंतर लावू.