पेपर सबमिट केल्यानंतर: रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तर कसं लिहायचं

संशोधनाचा पेपर चढवला की आधी जर्नलचं ऑफिस तो चाळतं. शब्दमर्यादा, आकृत्यांचा दर्जा, एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक, आयथेंटिकेट या सॉफ्टवेअरवर इतर छापील मजकुराशी साम्य, सगळं बघितलं जातं. इथून परत आलेला पेपर म्हणजे नकार नव्हे. राहिलेलं पुरं करून पुन्हा चढवायचा. साम्याच्या एकूण टक्क्याची धास्ती घेऊ नका, साम्य कुठे आहे ते बघा. पद्धतीच्या भागातली ठरावीक वाक्यं जुळली तर बहुधा चालून जातं. चर्चेतला अख्खा परिच्छेद जुळला तर अवघड आहे.

मग पेपर एडिटरकडे जातो. बरेच पेपर इथेच गळतात, रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञांपर्यंत, पोचतच नाहीत. यालाच डेस्क रिजेक्शन म्हणतात. नेहमीचं कारण एकच: विषय त्या जर्नलचा नाही. म्हणून कव्हर लेटरमध्ये, म्हणजे पेपरसोबत एडिटरला लिहायच्या पत्रात, गोषवारा पुन्हा चिकटवू नका. काय सापडलं, याच जर्नलच्या वाचकाला त्याचं काय, आणि पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, एवढं एका पानात बसवा.

रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगितली असतील तर गाईड, अलीकडचे सहलेखक आणि आपल्याच संस्थेतली माणसं वगळा. ईमेल संस्थेचाच द्या. २०१४ मध्ये सेज प्रकाशनाने खोट्या रिव्ह्यूअर खात्यांच्या एका प्रकरणात एकाच जर्नलमधले ६० पेपर मागे घेतले, पुढच्या वर्षी बायोमेड सेंट्रलने ४३. तेव्हापासून जीमेलचा पत्ता दिसला की एडिटरच्या भुवया वर जातात. रिव्ह्यू दोन्हीकडून निनावी असेल तर मजकुरातून नावं काढून भागत नाही. वर्डच्या फाईल प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव तसंच राहतं, आणि आभाराच्या परिच्छेदातून तुमचा विभाग ओळखू येतो. हे दोन्ही हमखास विसरलं जातं.

पुढे वाट पाहणं. जर्नलच्या साइटवर पेपरची स्थिती ‘अंडर रिव्ह्यू’ची पुन्हा ‘विथ एडिटर’ झाली तर घाबरू नका. एखाद्या रिव्ह्यूअरने अंग काढून घेतलं असेल, किंवा सगळे अहवाल आले असतील. दोन रिव्ह्यूअर मिळवायला एडिटरला कधी कधी आठ-दहा जणांना विचारावं लागतं, वेळ मुख्यतः तिथे जातो. जर्नलने स्वतः दिलेली मुदत उलटली, किंवा तीनेक महिने काहीच हललं नाही, तर पेपरचा क्रमांक घालून चार ओळींची विचारणा करा. त्याआधी नको.

आता निर्णयाचं पत्र. रिव्ह्यूअरच्या फॉर्ममध्ये सहसा दोन रकाने असतात: एक लेखकासाठी, दुसरा फक्त एडिटरसाठी. दुसऱ्यातलं तुम्हाला दिसत नाही. म्हणूनच शेरे गोड आणि निकाल नकार, असं घडतं. रिव्ह्यूअर शिफारस करतो, ठरवतो एडिटर. त्यामुळे उत्तराचं पत्र रिव्ह्यूअरला उद्देशून असलं तरी लिहायचं ते एडिटरसाठी, आणि त्याला मूळ पेपर न उघडता सगळं कळलं पाहिजे.

पत्र आलं त्या दिवशी उत्तराला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सगळे शेरे एका नव्या फाईलमध्ये जसेच्या तसे उतरवा. एका परिच्छेदात तीन मागण्या असतील तर तीन तुकडे करा आणि १.१, १.२ असे क्रमांक द्या. प्रत्येकाखाली दोन गोष्टी: उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर कोणत्या ओळीत. बदललेलं वाक्य तिथेच उद्धृत करा. ओळींचे क्रमांक सर्वांत शेवटी भरा; आधी भरलेत तर पुढच्या दुरुस्तीत ते सरकतात आणि रिव्ह्यूअरला भलतीच ओळ सापडते.

समजा पेपर विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे, ४० विहिरी, नमुने फक्त मे महिन्यातले. शेरा येतो: ‘एका ऋतूच्या नमुन्यांवरून वर्षभराचा निष्कर्ष काढता येत नाही.’

वाईट उत्तर: ‘सूचनेबद्दल आभार. वेळेअभावी पावसाळ्यातले नमुने घेता आले नाहीत.’

चालणारं उत्तर: ‘हरकत बरोबर आहे. शीर्षकात “उन्हाळ्यातील” हा शब्द घातला. “या विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपेक्षा जास्त असते” ऐवजी “मे महिन्यातील नमुन्यांत जास्त आढळले” असे केले (पान ९, ओळी २११ ते २१३). पावसाळ्यात पुनर्भरणामुळे चित्र बदलू शकते, हे मर्यादांच्या परिच्छेदात नोंदवले.’

नवा प्रयोग एकही नाही, तरी हरकत मिटली. बहुतेक ‘आणखी डेटा द्या’ शेऱ्यांची मुळं दाव्यात असतात. दावा डेटाएवढा केला की मागणीच उरत नाही. डेटाशिवाय दावा उभाच राहत नसेल, तर मात्र मुदत वाढवून मागा आणि काम करा. मुदत संपायच्या आधी मागितली तर सहसा मिळते.

असहमती दाखवायला हरकत नाही, पण दहा शेऱ्यांपैकी आठांवर वाद घातला तर एडिटरचाही धीर सुटतो. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी सांगत असतील तर एक बाजू घ्या, कारण द्या, आणि दुसऱ्याच्या उत्तरात पहिल्याच्या शेऱ्याचा क्रमांक दाखवा. रिव्ह्यूअरने स्वतःचेच वाटणारे पाच-सहा पेपर उद्धृत करायला सांगितले, तर विषयाशी संबंधित असतील तेवढे घ्या. उरलेल्यांबद्दल एडिटरला वेगळं कळवा. उत्तराच्या पत्रात टोमणा मारू नका, ते पत्र रिव्ह्यूअरही वाचतो.

सुधारित पेपरच्या दोन प्रती चढवा, एक बदल दाखवणारी, एक स्वच्छ.

नकारच आला तर अपील फक्त ठोस चुकीवर करा, म्हणजे रिव्ह्यूअरने तक्ताच चुकीचा वाचला असेल तर. ‘आमचं काम महत्त्वाचं आहे’ हे अपील नव्हे. दुसऱ्या जर्नलकडे वळण्याआधी निदान दाखवलेल्या चुका दुरुस्त करा. विषय छोटा असेल तर तिथला एडिटरही त्याच रिव्ह्यूअरला गाठतो, आणि तक्ता ३ मधलं चुकलेलं एकक तसंच दिसलं की तो जुनाच अहवाल पुन्हा चिकटवून पाठवतो.