इटलीच्या डोंगरगावांतून जोडीने सायकलवर? या चुका टाळा

मनाली-लेह उरकलं की आमच्याकडच्या सायकलवाल्यांना इटलीतला टेकड्यांचा प्रदेश, टस्कनी आठवते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, सरूच्या रांगेखालचा फोटो डोक्यात पक्का असतो आणि बेत तपासायला माझ्याकडे येतो. तो वाचला की कुठल्या दिवशी भांडण होणार ते मला पाच मिनिटांत कळतं. कारण चुका दरवेळी त्याच असतात.

किलोमीटर मोजून बेत आखणं

"रोज पन्नासच आहेत हो, आम्ही रविवारी लोणावळ्याला जाऊन येतो." जा की. पण लोणावळ्याला घाट आला तर एकदाच येतो. आपल्याकडे घाट चढला की पठार लागतं, पाय मोकळे होतात. तिथल्या सिएना शहराच्या दक्षिणेला पठार हा प्रकारच नाही. टेकडी चढायची, सगळी कमाई उतारावर घालवायची आणि पुढची टेकडी तळापासून चढायची.

शिवाय गावं टेकडीच्या माथ्यावर. संरक्षण हे एक कारण, आणि काही खोरी त्या काळी दलदलीची, हिवतापाची. कोर्तोना आणि मोंतेपुल्चानोच्या खालचं कियाना खोरं नीट कोरडं झालं ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. म्हणजे सायकलवाल्याच्या दृष्टीने काय, तर मुक्काम कायम वर. दिवसभराची दमणूक झाल्यावर, बाटलीत घोटभर पाणी उरलेलं असताना, शेवटचा चढ सुरू होतो.

ओळखीतल्या एका जोडप्याने एका दिवसात बुओनकोन्व्हेंतो ते मोंतेपुल्चानो ठरवलं. मध्ये मोंताल्चिनो, सान क्विरिको आणि पिएन्झा. साधारण 53 किलोमीटर. मी गावांच्या उंच्या लिहून पाठवल्या होत्या. बुओनकोन्व्हेंतो दीडशे मीटरवर, मोंताल्चिनो 564. तिथून उतरून तोरेनिएरीला अडीचशेच्या आसपास, मग सान क्विरिको चारशेवर, पिएन्झा 490, मोंतेपुल्चानो 605. नुसत्या या चढांची बेरीज साडेसातशेच्या पुढे जाते. मधले उतार-चढ धरले की हजारच्या वर. म्हणजे सिंहगड पायथ्यापासून दोनदा तरी आलाच, वर सामान. उत्तर आलं, "बघू, जमेल."

निघाले दहाला. मोंताल्चिनोच्या किल्ल्यापाशी फोटो काढण्यात एक वाजला. जेवण पिएन्झात करू म्हणाले, कारण तिथलं पेकोरिनो चीज प्रसिद्ध. पिएन्झात पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि स्वयंपाकघरं बंद. आईस्क्रीमवर भूक मारली. पुढे मोंतेपुल्चानोचा चढ दिसला तशी बायको सायकल कुंपणाला टेकवून खाली बसली. "तू हो पुढे. मी येते नाहीतर नाही येत." मला फोन आला तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, म्हणजे तिथे पावणेआठ. दोघं वेशीपाशी उभे, हॉटेल वरच्या चौकाजवळ, आणि मला विचारत होते की सोपी वाट कुठली. सोपी वाट नाही. त्याच गावात ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दोघा-दोघांच्या जोड्या ऐंशी किलोचं पिंप ढकलत वरच्या चौकापर्यंत नेतात आणि त्याची शर्यत लावतात. तुमच्याकडे सायकली आहेत, ढकला, असं मी सांगितलं. तेव्हा राग आला होता त्यांना.

माझ्या तक्त्यात किलोमीटरचा रकानाच नसतो. दिवस, सुरुवातीची उंची, शेवटची उंची, एकूण चढ, एवढंच. दोघांतला जो कमी चालवतो त्याला रविवारी जेवढा चढ हसत जमतो, तेवढा रोजचा. सर्वसाधारण जोडप्याला पाच-सहाशे मीटर पुष्कळ झाले. आणि रोज मुक्काम हलवायची हौस सोडा. पिएन्झात तीन रात्री राहा, सामान खोलीवर टाकून एक दिवस बान्यो विन्योनीला जा (तिथे गावाच्या चौकातच गरम पाण्याचं कुंड आहे, मात्र त्यात उतरू देत नाहीत), एक दिवस मोंतिकिएल्लोला. पण "सात दिवसांत अकरा गावं" सांगायला बरं वाटतं ना.

जेवणाची वेळ आपल्या घड्याळाने धरणं

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातच्या आधी नाही. मधल्या वेळात लहान गावात वाण्याचं दुकानही मिटतं. बार उघडे असतात, तिथे कॉफी आणि पाव मिळतो. मी अकरा वाजता जे दिसेल ते विकत घेऊन पिशवीत टाकतो, पुढे हॉटेल दिसत असलं तरी. शाकाहाऱ्यांनी पिची अल्'आल्योने हे नाव पाठ करावं: हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण. घरून चिक्की न्या. खव्याची पोळी, पेढे वगैरे नकोत, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

ई-बाईकला नाक मुरडणं

ही बहुतेक वेळा नवऱ्यांची चूक. स्वतः कार्बनची सायकल घेणार, बायकोला साधी हायब्रिड भाड्याने, आणि वर "तिला सवय होईल." सवय व्हायला ती काय वर्षभर राहणार आहे? मग प्रत्येक वळणावर हा थांबलेला, ती पोचली की हा लगेच निघणार. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि जिला हवी तिला नाही. जोडीच्या सहली यावर मोडतात, पंक्चरवर नाही.

जो मागे पडतो त्याने ई-बाईक घ्यावी, दुसऱ्याने साधी. दोघांनी ई-बाईक घेतली की पुन्हा एक पुढे पळतोच, असं माझं मत आहे. तिथल्या नियमाने मोटर 250 वॅटची आणि ताशी 25 किलोमीटरला मदत बंद होते, त्यामुळे उतारावर कुणी कुणाला मागे टाकत नाही. नवखे मात्र पहिल्या चढापासून टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त मदतीवर ठेवतात आणि दुपारी बॅटरी संपली की वीस-बावीस किलोचं धूड ढकलत बसतात. इकोवर, म्हणजे कमी मदतीवर चालवा, शेवटच्या चढासाठी बॅटरीच्या दोन दांड्या राखून ठेवा. आणि आपली ई-बाईक इथून न्यायचा विचार काढून टाका. प्रवासी विमानात 160 वॅट-तासांच्या वरची बॅटरी नेता येत नाही, ई-बाईकची त्याच्या तिप्पट सहज असते.

पांढऱ्या रस्त्यांना साधा कच्चा रस्ता समजणं

स्त्रादे बियांके म्हणजे खडीचे पांढरे रस्ते. 1997 पासून त्यांवर लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी भरते, 2007 पासून व्यावसायिक शर्यतही होते, ती सिएनाच्या चौकात संपते. टीव्हीवर पाहून लोक 25 मिलिमीटरच्या टायरवर येतात. कोरड्यात हात बधिर होतात, ते चालवून घेऊ. पण पाऊस पडला की सिएनाजवळच्या क्रेते भागातली चिकणमाती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरतच नाही. काडीने उकरा, दहा फूट जा, पुन्हा उकरा. फोनवरचा नकाशा हेच रस्ते "जवळचा मार्ग" म्हणून दाखवतो. मी 38 चे टायर घेतो, आणि पाऊस झाला असेल तर डांबरी, मग दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, हे खडीवर शिकण्यापेक्षा आधी शिकलेलं स्वस्त पडतं.

बाकीच्या थोडक्यात.

दमलो तर ट्रेनने जाऊ म्हणणाऱ्यांसाठी: रेल्वे खोऱ्यातून जाते. मोंतेपुल्चानो नावाचं स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे, कोर्तोनाचं खाली कामुचात, सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही. ऑर्व्हिएतोला स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची गाडी) वर जाते, पण ती चैन सगळीकडे नाही. सायकल प्रादेशिक गाडीत, तिचं वेगळं तिकीट काढून.

2 जुलै आणि 16 ऑगस्टच्या आसपास सिएनात पालिओची घोड्यांची शर्यत. ती बघायचीच नसेल तर खोली शोधू नका. ऑगस्टमध्ये मुळात जाऊच नये, मे किंवा सप्टेंबर धरा.

नळावर 'नॉन पोताबिले' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही.

गावाबाहेर अंधार पडल्यावर दिवे आणि चकाकणारं जाकीट कायद्याने लागतं, बोगद्यात दिवसाही.

गिअर: चढासाठी पुढचं लहान चक्र 34 दातांचं, मागचं मोठं चक्रही 34 चं. दुकानदार मागे 28 चं देत असेल तर दुसरं दुकान बघा.

आणि भाड्याची सायकल हातात आली की आधी दुकानाच्या अंगणात दोन चकरा मारून कुठला लिव्हर पुढच्या ब्रेकचा ते बघा. आपल्याकडे बहुधा उजवा असतो, तिथे डावा निघण्याची शक्यता जास्त.