लग्नाआधी परदेशात जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट: या चुका टाळा

मुलगी लंडनला नर्स आहे, मुलगा म्युनिकला कंपनीत आहे, जोडीदार तिथलाच किंवा आपल्याच राज्यातला. लग्न अजून झालेलं नाही आणि बाळ जन्माला आलंय. अशी घरं आता कोल्हापुरात ताराबाई पार्कात आहेत, तशी कसबा बावड्यातही आहेत. घरात पहिले काही दिवस "लोक काय म्हणतील" यातच जातात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बाळाला इकडे आणायचं तर पासपोर्ट हवा. इथून घाई सुरू होते आणि घाईत चुका होतात.

आधीच सांगते, अडचण आई-वडिलांचं लग्न न झाल्याची नसते. कायद्यात या मुलांना जागा आहे. फाईल अडकते ती लपवाछपवीमुळे, नाहीतर कागदपत्रांचा क्रम चुकल्यामुळे.

कागदावर लग्न "दाखवणं"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुणीतरी सल्ला देतं, "फॉर्मवर मॅरिड लिहून टाका, कोण बघतंय?" कुणी ओळखीनं मागच्या तारखेचा विवाहदाखला काढून देतो म्हणतं. कृपा करून हे करू नका. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महत्त्वाची माहिती दडवून घेतलेला पासपोर्ट कलम १० खाली रद्दही होतो. तो रद्द झाला की भोगतं ते बाळ.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी करायचं, तो विवाहदाखला मुळात मागितलाच जात नाही. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल केले. विवाहदाखल्याची अट काढली. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल असं ठरलं. अर्जासोबत द्यायची जोडपत्रं (ॲनेक्श्चर) पंधरावरून नऊवर आणली आणि ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीने द्यायची मुभा दिली. लग्नाबाहेर झालेल्या मुलांचा उल्लेखही त्याच सुधारणांमध्ये होता. त्याआधी मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना वडिलांच्या नावाचा आग्रह धरता येणार नाही असं म्हटलं होतं. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देता पालकत्व मागता येतं, हेही मान्य केलं.

आपल्या कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगतिणी आणि अनौरस संततीच्या वारसाहक्काचा कायदा केला होता. शंभर वर्षांपूर्वी याच मातीत ज्या मुलांना हक्क दिले गेले, त्यांच्या जन्माची गोष्ट आज आपण खोट्या तारखेखाली लपवावी, हे मला पटत नाही.

बाळ झाल्यानंतर आई-वडिलांनी लग्न केलं तर उत्तमच. दाखल्यावर लग्नाची तारीख बाळाच्या जन्मानंतरची असेल, असू दे. त्याने काही बिघडत नाही.

चुकीचा जन्मदाखला

दुसरी चूक परदेशातच होते आणि कळते फार उशिरा. ब्रिटनचंच बघा. तिथे जन्मदाखले दोन प्रकारचे मिळतात, छोटा आणि पूर्ण. छोट्या दाखल्यावर बाळाचं नाव, जन्मतारीख असते, पण आई-वडिलांची नावंच नसतात. भारतीय वकिलातीत तो दाखवून उपयोग नाही. पूर्ण दाखलाच घ्या, आणि एकाऐवजी दोन-तीन प्रती घ्या.

ब्रिटनमधली दुसरी गोष्ट अविवाहित जोडप्यांनी नीट लक्षात ठेवावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते. लग्न झालेलं नसेल तर आई एकटी जाऊन वडिलांचं नाव लावू शकत नाही. दोघांनी मिळून नोंद करावी लागते, नाहीतर वडिलांचं लेखी शपथपूर्वक निवेदन लागतं. "बाळंतपणाने थकलेय, एकटीच जाऊन उरकते" असं झालं की वडिलांची जागा रिकामी राहते. ती नंतर भरता येते, पण पुन्हा नोंदणीचा व्याप होतो.

जर्मनीत पद्धत वेगळी आहे. अविवाहित आईच्या बाळाला कायद्याने वडील मिळतात ते पितृत्व मान्य केल्यावर. हे काम बाळ जन्मायच्या आधीही तिथल्या नोंदणी कार्यालयात किंवा युगेंडआम्ट या बालकल्याण कार्यालयात करता येतं. मात्र पितृत्व मान्य केलं म्हणजे ताबा दोघांचा झाला असं नाही. संयुक्त ताब्याचं वेगळं निवेदन नसेल तर ताबा एकट्या आईकडेच राहतो. आपल्याकडची माणसं ही दोन कागदं एकच समजतात आणि वकिलातीच्या खिडकीवर अडकतात.

आखातात नोकरी असेल तर गरोदरपणातच तिथल्या वकिलाला विचारून ठेवा. देशागणिक कायदा बदलतो, आणि तिथे चौकशीला उशीर करणं धोक्याचं आहे.

आधी परदेशी पासपोर्ट, मग भारतीय

क्रमाची चूक म्हणतात ती ही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे परदेशात जन्मलेलं बाळ वंशाने भारतीय होऊ शकतं. १० डिसेंबर १९९२ नंतरच्या जन्मांसाठी आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला तरी पुरतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आहे. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं.

अमेरिकेत जन्मलेलं बाळ जन्मतःच अमेरिकन असतं. आजी आजारी आहे, लवकर यायचंय म्हणून घाईने अमेरिकन पासपोर्ट काढला जातो. मग ते निवेदन देता येत नाही आणि भारतीय नोंदणीचा रस्ता बंद होतो. पुढे बाळ व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावरच (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) भारतात येणार. तो निर्णय वाईट आहे असं नाही. पण तो घरात बसून, विचार करून घ्यावा. तिकिटाच्या तारखेने तो तुमच्यासाठी घेऊ नये.

ब्रिटनमध्ये उलटी गोष्ट आहे. आई-वडील दोघेही नोकरीच्या व्हिसावर असतील, तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला नसेल, तर बाळ ब्रिटिश होत नाही. अशा बाळाची भारतीय नोंद राहिली तर त्याच्या हातात कुठल्याच देशाचा पासपोर्ट नसतो. वर्ष उलटलं असेल तर घाबरून गप्प बसू नका. उशिराची नोंद केंद्र सरकारच्या परवानगीने होते, कारण लिहून द्यावं लागतं. वेळ लागतो, पण दार उघडं असतं.

बाळ दोन्ही देशांचं नागरिक असेल तर आणखी एक तारीख कुठेतरी लिहून ठेवा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं.

काही घरांतून याच टप्प्यावर एक भयंकर सल्ला ऐकू येतो: "इथे महापालिकेत ओळखीने दाखला काढू, बाळ कोल्हापुरातच जन्मलं म्हणून." हा सरळ गुन्हा आहे, त्याच्या जवळही जाऊ नका. परदेशात जन्मनोंद राहूनच गेली असेल आणि कुटुंब कायमचं परत आलं असेल, तर भारतात पोहोचल्यापासून ६० दिवसांत खरं जन्मस्थळ लिहून नोंद करण्याची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. पण ती जन्माची नोंद झाली. नागरिकत्वाची नोंद वेगळी असते.

संमतीचा घोळ

दाखल्यावर वडिलांचं नाव आहे आणि अर्जात मात्र आईने "सिंगल पेरेंट" म्हणून एकटीची माहिती दिली, तर फाईल होल्डवर जाणारच. नियम साधा आहे. दोन्ही पालक कागदावर असतील तर ॲनेक्श्चर डी, दोघांच्या सह्यांसह. एका पालकाची संमती मिळत नसेल तर ॲनेक्श्चर सी. त्यात संमती का नाही याचं कारण खरं आणि स्पष्ट लिहायचं. संपर्क तुटलाय, कोर्टात वाद चालू आहे, जे असेल ते. कोर्टाचा आदेश असेल तर प्रत जोडा. वडिलांचं नाव दाखल्यावरच नसेल तर आई एकटी अर्ज करू शकते. तिथे उगाच कुणाचं नाव भरू नका.

जोडीदार परदेशी असेल तर त्याची सही आणि त्याच्या पासपोर्टची प्रत बाळ तिथे असतानाच घेऊन ठेवा. दोघांचं पुढे पटलं नाही तर तीच सही मिळवायला वकील लावावा लागतो.

आता थोडं कडू, पण बोलायला हवं. मुलगा कोल्हापूरचा आणि बाळाची आई परदेशी असेल, तर "बाप आमचा म्हणजे बाळ आमचं" असं इथल्या घरांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे लग्नाबाहेर झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई असते, नंतर वडील. आईच्या संमतीशिवाय बाळाला इकडे आणून इथून पासपोर्ट काढायचा बेत करू नका. त्याने बाळाचंही नुकसान होतं आणि मुलाचंही.

नावाची गंमत अंगाशी येते

आपल्याला बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. परदेशी दाखल्यावर दोनच रकाने असतात, नाव आणि आडनाव. दाखल्यावर फक्त "ईरा" आणि आईचं आडनाव असेल, आणि इकडे आजोबांनी हौसेने मधे वडिलांचं नाव घालून अर्ज भरला, तर दोन कागदांवर दोन नावं झाली. अर्जात दाखल्याप्रमाणे लिहा, एक अक्षरही पुढे-मागे नको. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा तेच. पंचांगातलं नाव बारशापुरतं ठेवा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं नाव लावायचा निर्णय झालाय. तो चांगलाच आहे. पण त्याने लंडनचा दाखला आपोआप बदलत नाही. नाव बदलायचंच असेल तर आधी परदेशी नोंद दुरुस्त करा, नंतर पासपोर्ट.

कोल्हापुरात अर्ज करताना

पहिला पासपोर्ट बहुतेक वेळा परदेशातल्या वकिलातीतच निघतो, कारण त्याशिवाय बाळ विमानात बसत नाही. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. त्यामुळे कोल्हापुरातल्या टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ येते ती आई माघारी आल्यावर, नूतनीकरणाला. इथली फाईल पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते.

इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. अर्जात भारतीय नागरिकत्व कशाने मिळालं हे विचारलेलं असतं. तिथे सवयीने "जन्माने" निवडतात. परदेशात जन्मलेल्या बाळासाठी "वंशाने" निवडायचं आणि वकिलातीचं नोंदणी प्रमाणपत्र मूळ प्रतीसह न्यायचं. जुना पासपोर्ट दाखवला म्हणजे ते प्रमाणपत्र लागणार नाही, या भरवशावर राहू नका. दुसरं, आधी दोघांच्या सहीने पासपोर्ट निघालाय म्हणून आता संमती लागणार नाही असं धरून चालतात. नूतनीकरणालाही ती लागते.

परदेशी दाखल्यावर अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची त्या देशाच्या सरकारची खूण, तिथूनच मारून आणा. इथे बसून तो मिळत नाही. दाखला इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर सोबत ठेवा. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो. फी साधारण १,००० रुपये आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर दहा टक्के सवलत मिळते. पोलीस पडताळणीला घरी कोणी आलं तर जे अर्जात लिहिलंय तेच सांगा. घरातल्या सगळ्यांना आधी कल्पना द्या. आजीने काळजीपोटी "हो हो, लग्न झालंय" म्हटलं की चांगली चाललेली फाईल पुन्हा थांबते.

तरीही नाही म्हणाले तर

काउंटरवर तोंडी "होणार नाही" ऐकून परत फिरू नका. कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा. पासपोर्ट नाकारला तर कारणं लिहून ठेवणं आणि मागितल्यावर त्यांची प्रत देणं पासपोर्ट कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंधनकारक आहे. त्या कारणांवर कलम ११ खाली अपील करता येतं. मुदत थोडी असते, म्हणून पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. अपिलातही न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालय आहे. त्यासाठी आता मुंबईच्या गाड्या पकडाव्या लागत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली प्रकरणं तिथे चालतात. वकिलाकडे जाताना पूर्ण जन्मदाखला, वकिलातीचं नोंदणी प्रमाणपत्र, संमतीचं जोडपत्र आणि नकाराचं पत्र एकाच फायलीत, तारखांच्या क्रमाने लावून न्या.