वॅक्यूम क्लीनरचं वय तासांत कसं मोजावं

वायरवाला वॅक्यूम क्लीनर आठ-दहा वर्षं टिकतो, बिनवायरचा चार-पाच, असं साधारणपणे सांगितलं जातं. हे आकडे चुकीचे नाहीत, पण फारसे उपयोगाचेही नाहीत. एक मशीन आठवड्यातून एकदा कपाटाबाहेर येतं, दुसरं रोज घरभर फिरतं. दोघांना एकच वय कसं लावणार?

1. आधी तास काढा

युरोपीय संघाने सप्टेंबर 2017 पासून वायरवाल्या घरगुती वॅक्यूम क्लीनरसाठी नियम केला: मोटर किमान 500 तास चालली पाहिजे आणि पाइप 40,000 वेळा वाकवूनही वापरण्याजोगा राहिला पाहिजे. तुम्ही कुठेही राहत असा, मोजपट्टी म्हणून 500 हा आकडा चांगला आहे.

आठवड्यातून दोनदा 20-20 मिनिटं वापर असेल तर वर्षाला सुमारे 35 तास होतात. म्हणजे 500 तास भरायला 14 वर्षं. तेच मशीन रोज 20 मिनिटं चालवलं तर वर्षाला जवळजवळ 122 तास, आणि चार वर्षांत हिशेब पूर्ण. अर्थात 500 ही किमान अपेक्षा आहे. नीट सांभाळलेली मोटर त्यापुढेही चालते.

2. ओढ कमी झाली? मोटरला दोष देण्याआधी हवेची वाट तपासा

माझ्या मते बाद ठरवलेल्या कितीतरी मशीनना फक्त श्वास घ्यायला जागा हवी असते. प्लग काढा आणि या क्रमाने बघा.

पिशवी किंवा धूळपेटी रिकामी करा. पिशवी पूर्ण भरायची वाट बघू नका. पावडर किंवा प्लास्टरसारखी बारीक धूळ पिशवीची छिद्रं आधीच बुजवते, त्यामुळे ती अर्धी रिकामी दिसत असली तरी हवा अडलेली असते.

मग फिल्टर. धुता येणारा असेल तर साध्या पाण्याने धुवा आणि 24 तास तरी वाळू द्या. घाईने ओलाच बसवला तर त्यावर धुळीचा चिखल होतो. धुवायचा नसलेला फिल्टर धुऊन पैसे वाचत नाहीत. तो बदलायचाच असतो.

आता पाइप काढून ठेवा, मशीन सुरू करा आणि पाइप जिथे बसतो त्या तोंडावर तळहात धरा. इथे जोर असेल तर मोटर ठीक आहे. अडथळा पाइपात, नळीत किंवा पुढच्या ब्रशात आहे. मशीन बंद करून पाइप उभा धरा आणि वरून गोटी सोडा. खाली आली नाही तर बोळा सापडलाच. तोंडावरही जोर नसेल तर झाकणाचं रबर आणि मोटरजवळचा छोटा फिल्टर बघा. हा दुसरा फिल्टर असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

फिरणारा ब्रश असेल तर त्याच्या टोकांना गुंडाळलेले केस कात्रीने कापा. ब्रश फिरतच नसेल तर पट्टा तुटलेला असू शकतो, आणि तो स्वस्तात बदलता येतो.

एवढी खटपट का? बहुतेक साध्या मशीनमध्ये आत ओढलेली हवाच मोटरला थंड ठेवते. वाट बुजली की आवाज बारीक, चढा होतो, मोटर तापते आणि उष्णतेचा कटआउट मशीन बंद पाडतो. थंड झाल्यावर ते परत सुरू होतं, म्हणून लोक तसंच रेटतात, आणि आयुष्य तिथेच घटतं.

3. मोटरचं ऐका, वास घ्या

वायरवाल्या मशीनच्या मोटरमध्ये सहसा कार्बन ब्रश असतात, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे. ते झिजणारच. झिजले की मोटर अडखळत चालते, आत ठिणग्या वाढतात, जळका वास येतो. फक्त कार्बन संपले असतील आणि तुमच्या मॉडेलमध्ये ते वेगळे मिळत असतील तर बदलून घ्या. घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त. धूर दिसला तर प्लग काढा आणि पुन्हा सुरू करून बघू नका.

साध्या मशीनने पाणी कधीच ओढू नका. गुंडाळली जाणारी वायर पिवळ्या खुणेपर्यंतच ओढा. लाल खूण दिसली की मागे घ्या.

4. बिनवायरचं गणित वेगळं

इथे आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर ठळकपणे कमजोर होते. मशीन जोरात ओढतं पण लवकर बंद पडतं, तर बॅटरी बदला, मशीन नको. सतत टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त जोरावर चालवलं की चार्ज झपाट्याने संपतो आणि बॅटरी तापते. गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नका. विकत घेतानाच बॅटरी स्वतः काढता येते का आणि सुटी मिळते का, हे विचारा. आतच बंद केलेली असेल तर मी ते मशीन घेणार नाही.

5. दुरुस्ती की नवीन?

पाइप, फिल्टर, पट्टा, प्लग, वायर, बॅटरी यांसाठी मशीन टाकू नये. मोटर गेली असेल तर पहिल्या पायरीतला आकडा काढा. 100 तासांत गेली तर आधी वॉरंटी बघा, मग दुरुस्ती. 500 च्या पुढे गेली असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त सांगितला तर नवीन घ्या. जुन्याचा पाइप आणि ब्रश मात्र आधी नव्याला लावून बघा. बसले तर सुटे भाग म्हणून ठेवा. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.