याकुत्स्कची हिवाळी सहल: मार्गदर्शकासोबतचा एक दिवस कसा आखावा

रशियाच्या साखा प्रजासत्ताकाची राजधानी याकुत्स्क हे लेना नदीच्या डाव्या काठावर, तुयमादा खोऱ्यात वसलेले, साडेतीन लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. जानेवारीत तेथील सरासरी तापमान उणे 37 अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि 5 फेब्रुवारी 1891 रोजी ते उणे 64.4 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. असे शहर हिवाळ्यात एका दिवसात पाहायचे असेल, तर थंडी किती सोसता येईल हा विचार बाजूला ठेवावा आणि बाहेर घालवायची मिनिटे कोठे खर्च करायची, याचा हिशेब मांडावा. चांगला स्थानिक मार्गदर्शक दिवसभर हाच हिशेब सांभाळत असतो, आणि त्यामुळेच येथे एकट्याने भटकण्यापेक्षा त्याच्यासोबत फिरणे शहाणपणाचे ठरते.

महिना आणि वेळ ठरवणे

डिसेंबरच्या उत्तरार्धात याकुत्स्कमध्ये सूर्य सुमारे पाच तासच क्षितिजावर असतो आणि भर दुपारीही तो जेमतेम साडेचार अंश वर चढतो. त्यातच तापमान उणे 40 च्या खाली गेले की गाड्यांचा धूर, उष्णताकेंद्रांची वाफ आणि माणसांचे उच्छ्वास हवेतच गोठून शहरावर दाट बर्फधुके साचते. सायबेरियावरील उच्च दाबामुळे हिवाळ्यात वारा जवळजवळ नसतो. त्यामुळे थंडी बोचत नाही हे खरे, पण त्याच कारणाने धुके हलतही नाही. ज्यांना ही कडाक्याची थंडी आणि हे धुकेच अनुभवायचे आहे, त्यांनी डिसेंबर किंवा जानेवारी निवडावा. इतरांनी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा आरंभ धरावा, असे माझे मत आहे. तेव्हा थंडी भरपूर शिल्लक असते, दिवस दहा-अकरा तासांचा झालेला असतो, आकाश निळे दिसते आणि गोठलेल्या नदीवरचा रस्ताही चालू असतो.

मॉस्कोहून विमानाने याकुत्स्कला पोहोचायला साडेसहा तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ मॉस्कोच्या सहा तास, तर भारताच्या साडेतीन तास पुढे करावे लागते. पोहोचल्याच्या दिवशी सहल ठेवू नये. झोप अपुरी असली की शरीर लवकर गारठते. रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डे मार्च 2022 पासून तेथे चालत नाहीत, म्हणून रोख रूबल जवळ असावेत.

मार्गदर्शकाला आधी काय विचारावे

सहल नोंदवताना बहुतेक जण कोणती ठिकाणे दाखवणार, एवढेच विचारतात. त्याऐवजी दोन ठिकाणांच्या मध्ये उबेत बसण्याची सोय कोठे आहे, हे विचारावे. गाडी दिवसभर चालू ठेवली जाईल का, हा दुसरा प्रश्न. याकुत्स्कमध्ये उघड्यावर उभी केलेली गाडी बंद केली तर ती पुन्हा चालू होण्याची खात्री नसते, म्हणून तेथील लोक इंजिन सुरूच ठेवतात, गाडीवर जाड गोधडीसारखे आच्छादन घालतात किंवा ती उष्ण गॅरेजमध्ये ठेवतात. काचांवर दव गोठू नये म्हणून खिडक्यांना आतून दुसरी काच चिकटवलेली असते, आणि अशी काच असलेली गाडी मिळाली तर बाहेरचे शहर दिसते, नाहीतर दिवसभर पांढरा पडदा पाहत बसावे लागते.

तिसरा प्रश्न कपड्यांचा. सहलीसोबत गरम जोडे आणि कोट भाड्याने मिळतात का, हे आधीच कळले तर सामान निम्म्याने हलके होते. शहरात रशियन आणि साखा या दोन भाषा बोलल्या जातात आणि इंग्रजी बोलणारे मार्गदर्शक मोजकेच असतात, म्हणून नोंदणी बऱ्याच आधी करावी. वस्तुसंग्रहालयांची साप्ताहिक सुट्टीही त्याच वेळी विचारून घ्यावी.

कपडे चढवणे

महाबळेश्वरच्या थंडीसाठी ट्रंकेत जपून ठेवलेली कानटोपी येथे आतल्या टोपीचे काम करील, त्याहून अधिक नाही. अंगालगत सुती कपडा घालू नये, कारण तो घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब काढून घेतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर जाड लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर गुडघ्यापर्यंत येणारा, टोपी जोडलेला पिसांचा कोट, असा क्रम ठेवावा. पायांनाही दोन थर हवेत. जीन्सची पँट काही मिनिटांतच ताठ होते, ती हॉटेलातच राहू द्यावी.

सर्वांत जास्त लक्ष जोड्यांकडे द्यावे, कारण थंडी पायांतूनच शिरते. साध्या रबरी तळव्याचे बूट या थंडीत लाकडासारखे कडक होतात आणि घसरतात. तेथील लोक रेनडियरच्या पायाच्या कातड्यापासून केलेले ‘उंती’ घालतात, तर वाळेंकी नावाचे नमद्याचे उंच बूटही चालतात. जोडा अर्धा क्रमांक मोठा घ्यावा, म्हणजे आत बोटे हलवता येतील. घट्ट जोड्यात तीन मोजे कोंबण्यापेक्षा सैल जोड्यात दोन मोजे केव्हाही बरे. हातांसाठी बोटे सुटी असलेले पातळ मोजे आत आणि केवळ अंगठा वेगळा असलेले जाड मोजे वर, अशी जोडी ठेवावी. कानांतली धातूची लेणी काढून ठेवावीत आणि चष्मा शक्यतो धातूच्या काडीचा नसावा.

हे सर्व हॉटेलच्या खोलीत चढवायला वेळ लागतो, आणि खोली पंचवीस अंशांवर तापलेली असते. म्हणून कोट आणि टोपी सर्वांत शेवटी, दाराशी येऊन घालावी. घामेजून बाहेर पडणे ही नवख्या पाहुण्याची नेहमीची चूक आहे.

सकाळ: शहराचा पाया पाहणे

न्याहारी भरपेट आणि स्निग्ध असावी. सहल साधारण उजाडल्यावर सुरू करावी आणि पहिला थांबा इमारतींच्या खालचा असावा, अशी सूचना मार्गदर्शकाला द्यावी. याकुत्स्कची जमीन बारमाही गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पण त्याखाली शेकडो मीटर बर्फमिश्रित माती तशीच राहते. तापवलेली इमारत थेट जमिनीवर टेकवली, तर तिच्या उष्णतेने पाया वितळून घर खचेल, म्हणून इमारती खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या असतात आणि त्यांच्या खालून थंड हवा वाहू दिली जाते. गरम पाण्याच्या नळ्याही याच कारणाने जमिनीवरून जातात आणि रस्ता आला की कमानीसारख्या वर उचललेल्या दिसतात. वाकड्या झालेल्या जुन्या लाकडी घरांसमोर उभे राहिले की हा सगळा खटाटोप कशासाठी, हे लगेच उमगते. येथे दहा मिनिटे पुरतात.

या गोठलेल्या जमिनीची खोली जगाला कळली ती एका विहिरीमुळे. फ्योदर शेर्गिन या व्यापाऱ्याने पाण्यासाठी खोदायला सुरुवात केली आणि 1837 पर्यंत तो 116 मीटरांहून खाली गेला, तरी गोठलेली माती संपली नाही. पुढे 1840 च्या दशकात निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर मिडेनडॉर्फ यांनी त्या विहिरीत निरनिराळ्या खोलींवर तापमान मोजले आणि बारमाही गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्या परंपरेतील, गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या मेल्निकोव्ह संस्थेची भूमिगत प्रयोगशाळा सुमारे 12 मीटर खोल आहे आणि तिच्या भेटीची वेळ मार्गदर्शकामार्फत आधी ठरवावी लागते. ती मिळाली तर सोडू नये. बाहेर उणे 45 असताना आत उणे सहा-सातच्या आसपास तापमान असते आणि जमिनीच्या पोटात उतरल्यावर चक्क ऊब वाटते.

ती भेट जमली नाही, तर चोचुर मुरान टेकडीतील ‘गोठलेल्या भूमीचे राज्य’ हे प्रदर्शन आहे. जुन्या साठवण-बोगद्यात रंगीत दिव्यांनी उजळलेली बर्फशिल्पे आणि बर्फाची घसरगुंडी तेथे पाहायला मिळते. लहान मुले सोबत असतील तर हेच आधी निवडावे. मोठ्यांना ते थोडे भपकेबाज वाटण्याचा संभव आहे.

दुपार: मॅमथ, बाजार आणि जेवण

1991 मध्ये स्थापन झालेले मॅमथ संग्रहालय दुपारच्या आधी गाठावे. साखा प्रदेशात मॅमथांचे, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तींचे, अवशेष मांस आणि केसांसह टिकून सापडतात, याचे कारण सकाळी पाहिलेली जमीनच आहे, त्यामुळे हा क्रम उलटा करू नये.

त्यानंतरचा बाजार हा माझ्या मते दिवसातील सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो. उघड्यावरच्या फळ्यांसमोर नेल्मा, चीर, ओमुल असे मासे सरपणाच्या मोळ्यांप्रमाणे खोक्यांत उभे केलेले असतात. शीतकपाटाची गरजच नसते. विक्रेत्या बायका अनेक थरांच्या कपड्यांत सकाळपासून उभ्या असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय त्यांचे छायाचित्र काढू नये, आणि काढले तर साखा भाषेत ‘महताल’ म्हणून आभार मानावेत. येथे पंधरा मिनिटांनी गाडीत परतून बोटे शेकावीत आणि मग हवे तर पुन्हा उतरावे.

जेवणात गोठलेल्या कच्च्या माशाचे पातळ काप, म्हणजे ‘स्त्रोगानिना’, मीठ-मिरीला लावून खातात. मासा कच्चा असतो, म्हणून नाजूक पोटाच्या माणसाने चवीपुरताच घ्यावा. शिंगराचे मांस ही तेथील मानाची गोष्ट आहे. शाकाहारी पाहुण्याने नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगावे, तरीही पर्याय थोडे राहतील. त्यातल्या त्यात ‘सुओरात’ हे दही मराठी जिभेला ओळखीचे वाटेल, आणि जंगली बोरे घालून घुसळलेली साय, म्हणजे ‘क्युएरचेख’, बहुतेकांना आवडते. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडे रक्त धावून शरीरातील उष्णता उलट वेगाने निघून जाते.

उत्तर दुपार: लेनाच्या बर्फावर

याकुत्स्कजवळ लेनावर वापरात असलेला पूल नाही. हिवाळ्यात नदीवरच रस्ता आखला जातो आणि पलीकडच्या निझ्नी बेस्त्याख येथील रेल्वे स्थानकाकडे गाड्या बर्फावरून जातात. बर्फ जसजसा जाड होतो तसतसे अधिक वजनाच्या वाहनांना सोडले जाते. बर्फरस्त्यावर आसनपट्टा सोडून ठेवण्याची सूचना असते, जेणेकरून प्रसंग आल्यास चटकन बाहेर पडता यावे. चालकाने तसे सांगितले तर घाबरू नये आणि ऐकावे. रस्ता बंद असेल तर आग्रह धरू नये. नदीच्या मध्यावर पाच मिनिटे गाडीबाहेर उभे राहावे आणि श्वास नाकाने घ्यावा. कडाक्याच्या थंडीत उच्छ्वास गोठताना जी बारीक सळसळ ऐकू येते, तिला तेथील लोक ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.

दिवसभर सोबत्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहणे हे प्रत्येकाचे काम आहे, कारण स्वतःच्या नाकावर किंवा गालावर पडलेला पांढरा डाग आपल्याला दिसत नाही आणि जाणवतही नाही. डाग दिसला तर उघड्या तळव्याने झाकून ऊब द्यावी आणि लगेच आत जावे. तो चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही.

परतल्यावर

फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दिवसभर अंगालगतच्या खिशात ठेवल्या असतील तरच त्या टिकतात. हॉटेलच्या दारात शिरण्यापूर्वी, बाहेर असतानाच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे, म्हणजे खोलीतील दमट हवेचे पाणी त्यावर न साचता पिशवीवर साचेल. दोन-तीन तास ती पिशवी उघडू नये, चित्रे पाहण्याची कितीही घाई झाली तरी. उंती तापलेल्या नळ्यांवर ठेवू नयेत, कातडे आखडते. त्यांचे आतले अस्तर काढून खोलीच्या कोपऱ्यात सुकू द्यावे आणि सकाळी भाड्याने घेतलेल्या जागी परत करावेत.