डेस्कटॉप बदलायचा की अपग्रेड करायचा? या चुका टाळा

मशीन स्लो झालं म्हणून लगेच नवं घेऊ नका, आणि अंदाजाने पार्टही आणू नका. आधी नेमकं कुठे अडतंय ते पाहा. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबमधले आकडे दहा मिनिटं बघत राहा.

डिस्क सतत १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र १५-२० टक्क्यांवर असेल, तर बहुधा हार्ड डिस्कच मागे पडतेय. तिचा वेग सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी असतो, साटा एसएसडीचा (फिरते भाग नसलेली, साटा केबलने जोडायची डिस्क) ५५०च्या आसपास. पण खरा फरक विखुरलेल्या लहान फाइल्स वाचताना पडतो, कारण हार्ड डिस्कचा बराच वेळ हेड इकडून तिकडे नेण्यातच जातो. विंडोज सुरू होताना असंच वाचन चालतं. त्यामुळे विंडोज एसएसडीवर हलवलं की जुनं मशीनही बऱ्याचदा आणखी काही वर्षं नीट चालतं. मात्र त्याच वेळी रॅमही ९० टक्के भरलेली दिसत असेल, तर विंडोज रॅमची कमतरता डिस्कवर भागवत असतं. अशा वेळी आधी रॅम वाढवा.

रॅम घेताना तुमच्या मशीनला कोणत्या पिढीची लागते, डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५, हे तपासाच. यातली एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो (प्रोसेसर दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरतो). चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. मॅन्युअल बघून खात्री करा. नवी रॅम लावल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका: डीडीआर५ बोर्डाला पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं लागू शकतात.

प्रोसेसर कमी पडतोय असं वाटलं, तर आधी तापमान बघा. ९५-१०० अंशांपर्यंत गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कूलरमधली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली की अनेकदा तेवढ्यावर भागतं.

प्रोसेसर बदलायचाच असेल, तर नुसतं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुळून चालत नाही. इंटेलची आठवी पिढी एलजीए ११५१ सॉकेटची आहे, तरी त्याच सॉकेटच्या जुन्या, १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर ती चालत नाही. बोर्ड कंपनीची सपोर्ट यादी पाहा आणि जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायॉस (मशीन सुरू करणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

ग्राफिक्स कार्डासाठी पॉवर सप्लायचे वॅट, पॉवर कनेक्टर आणि केसमधली जागा मोजा. एका मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबल दुसऱ्याला लावू नका. प्लग बसला तरी आतली वायरिंग वेगळी असू शकते आणि पार्ट जळतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. ते नसल्याचा मेसेज आला म्हणून मशीन टाकून देऊ नका. बायॉसमध्ये पीटीटी (इंटेलचं टीपीएम) किंवा एफटीपीएम (एएमडीचं) नुसतं बंद असू शकतं. प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल, तर गोष्ट वेगळी.

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम बदलावे लागत असतील, तर नव्या मशीनचा हिशेब मांडा. जुनी एसएसडी त्यात वापरता येते. फक्त बोर्ड बदलण्याआधी किंवा बायॉसला हात लावण्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मशीनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. ती की नसेल तर डेटा उघडणार नाही.